कवळीकाकांचा अंगठा

कवळीकाकांना सकाळचं खाणं उरकायला पाऊण तास लागायचा. एक गाजर, अर्धी काकडी, पालकाची मूठभर पानं, मोड आलेले मूग आणि भिजवलेले सात बदाम. यातलं काहीही विस्तवाजवळून गेलेलं नसे. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा असा नियम होता आणि काका नियमाचे पक्के होते. पूर्वी चावता चावता ते वर्तमानपत्र वाचत. अलीकडे नुसतेच समोरच्या भिंतीकडे बघत बसत. जबडा दुखला की थांबत, मग पुन्हा सुरू.

"दुसऱ्यांना दात देता देता स्वतःचे झिजवून टाकाल," काकू म्हणत.

"झिजले तर बनवीन की. घरचाच धंदा आहे."

हा विनोद पहिल्यांदा झाला तेव्हा दोघंही हसले होते. आता तो फक्त केला जायचा, दाराची कडी लावावी तसा.

काका कवळ्या बनवायचे. दातांच्या दवाखान्यामागे त्यांची खोली होती: एक खिडकी, एक नळ, गॅसची छोटी शेगडी, पॉलिशचं चाक आणि फळ्यांवर ओळीने मांडलेले लोकांच्या हिरड्यांचे पांढरे साचे. प्रत्येक साच्याच्या बुडाशी पेन्सिलीने आडनाव लिहिलेलं. गुलाबी पुडीत उग्र वासाचं द्रव घालायचं, ते मळायचं, साच्यात दाबायचं, उकळत्या पाण्यात शिजवायचं, मग घासायचं. शेवटचं काम मात्र कुठल्याही यंत्राचं नव्हतं. तयार कवळी डाव्या हातात धरून काका डोळे मिटत आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्या आतल्या बाजूवरून सावकाश फिरवत. भिंगालाही न दिसणारा कंगोरा अंगठ्याला लागे. मग पुन्हा घासणं, पुन्हा अंगठा. अंगठ्याने होकार दिला की कवळी पुढच्या दालनात जाई. तिथल्या डॉक्टरीणबाई ती उलटूनही बघत नसत. "काकांनी बघितलीय ना? मग झालं," असं म्हणून सरळ पेशंटच्या तोंडात बसवत. एकतीस वर्षं हे असं चाललं होतं. आधी बाईंचे वडील होते, आता बाई.

कच्च्या खाण्याकडे काका वळले ते हौस म्हणून नव्हे. त्यांचे वडील छप्पन्नाव्या वर्षी जेवणाच्या ताटावरून उठले ते दारापर्यंतही पोचले नाहीत. काकांना त्रेपन्न लागलं तेव्हा रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, जिना चढताना धाप. त्याच सुमाराला शेजारच्या फोटोग्राफरने त्यांना एका व्याख्यानाला नेलं. वक्ता सडसडीत, सत्तरीचा, आणि घोड्यासारखा तरतरीत. अग्नीने अन्न मरतं, झाडपाल्यात माणसाला लागणारं सगळं असतं, दूधसुद्धा वासरासाठी असतं, असं तो म्हणाला. काका घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चूल सोडली. दूध सोडलं, अंडी सोडली, चहादेखील.

आणि खोटं कशाला बोला, गुण आला. वर्षभरात चौदा किलो वजन उतरलं. रक्तदाबाची गोळी सुटली. छप्पन्नावा वाढदिवस आला आणि गेला. त्या दिवशी संध्याकाळी काका वडिलांच्या फोटोसमोर जरा जास्त वेळ उभे राहिले. काकूंनी ते पाहिलं आणि त्यानंतर खाण्यावरून वाद घालणं सोडलं. पहिल्यापासूनच त्या स्वतःपुरतं शिजवत आणि खिडकी उघडी ठेवून जेवत, म्हणजे वास काकांपर्यंत जाऊ नये.

वाद अगदीच सोडला असंही नाही. अधूनमधून ठिणगी पडायची.

"अहो, निदान वाटीभर डाळ तरी शिजवलेली घ्या. चेहरा बघा कसा पिवळा पडलाय."

"हत्ती काय खातो? पालाच ना? अंगात ताकद किती!"

"हत्ती दिवसभर खात उभा असतो. त्याला कुठे दहाला कामावर जायचंय?"

वार्षिक तपासणीचा कागद आला की काका तो प्रगतिपुस्तकासारखा काकूंपुढे धरत. हिमोग्लोबिन अगदी जिथे हवं तिथे. काकू कागद वाचत आणि परत देत.

थकवा नेमका कधी सुरू झाला ते काकांना सांगता आलं नसतं. सकाळी उठल्यावरच दिवस संपल्यासारखं वाटायचं. दुपारी कामाच्या टेबलावर कोपर टेकलं की तिथेच राहावंसं वाटे. पुढे बोटांना मुंग्या येऊ लागल्या. त्याचं मात्र त्यांनी मनावर घेतलं नाही, कारण त्यांच्या धंद्यात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं: ते उग्र द्रव उघड्या हाताने मळून मळून बोटं बधिर होतात. काका ज्यांच्याकडे शिकले त्या उस्तादांची बोटं शेवटी शेवटी अशीच झाली होती. "द्रवाचा प्रसाद," उस्ताद म्हणायचे. काकांनी रबरी हातमोजे आणले, खिडकीत पंखा बसवला आणि प्रश्न मिटला असं धरून चालले.

मिटला नव्हता. एका मंगळवारी टपालबाई कवळी रुमालात गुंडाळून परत घेऊन आल्या. टपाल कचेरीत जन्मभर शिक्के मारून निवृत्त झालेल्या या बाईंची जीभ दातांवाचूनही चालायची. दवाखान्यात न थांबता त्या थेट मागच्या खोलीत शिरल्या.

"कवळीकाका, मी तुमचं काय घोडं मारलंय हो?"

"का? काय झालं?"

"तीन दिवस पाणी पितेय नुसतं. आत खिळा ठोकलाय की काय?" त्यांनी खालचा ओठ बोटाने ओढून दाखवला. हिरडीवर लालभडक चीर पडली होती.

काकांनी कवळी धुतली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. गुळगुळीत. पुन्हा फिरवला. गुळगुळीत. मग त्यांनी भिंग लावून पाहिलं. डाव्या कडेला तिळाएवढा काटा स्पष्ट उभा होता. भिंगाचीही गरज नव्हती खरं तर. काकांनी बघता बघता अंगठा त्या काट्यावर टेकवला आणि दाबला. काटा कातडीत रुतलेला त्यांना दिसला. लागला मात्र नाही.

"अहो, बोला काहीतरी," टपालबाई म्हणाल्या.

"तुम्ही जरा बाहेर बसता का, आजी?" एवढंच काका म्हणाले. मग ते स्टुलावर बसले आणि फळीवरच्या साच्यांकडे बघत राहिले. त्या महिन्यात आठ कवळ्या या अंगठ्याच्या भरवशावर गेल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंना सांगायला त्यांना तासभर लागला. सांगतानाही त्यांनी द्रवाचंच कारण पुढे केलं. बाई ऐकत होत्या. त्यांचं लक्ष काकांच्या पायांकडे गेलं. काकांच्या एकाच पायात चप्पल होती.

"काका, दुसरी चप्पल कुठाय?"

काकांनी खाली पाहिलं. चप्पल मधल्या बोळात पडली होती. कधी निसटली, त्यांना पत्ता नव्हता.

"पायांनासुद्धा मुंग्या येतात का?"

"येतात थोड्या. वयच झालं आता."

"काका, कवळ्या तुम्ही पायांनी मळता का?"

काका हसायला गेले आणि अर्ध्यात थांबले.

"बसा खुर्चीत," बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत काका त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. "जीभ दाखवा."

बाईंनी दिवा खाली ओढला. जीभ लाल होती, घासून पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत. बाई दिवा बाजूला करून म्हणाल्या, "चार वर्षं माझ्या भिंतीपलीकडे बसून तुम्ही काय खाताय ते मी बघतेय. तोंड मात्र एकदाही बघितलं नाही. चूक माझीही आहे."

रक्त तपासलं. मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते काकांनी खाली मान घालून ऐकलं. पाल्यात पुष्कळ काही असतं, पण एक जीवनसत्त्व, बी-बारा, झाडपाला देत नाही. ते बनवतात सूक्ष्म जंतू आणि आपल्याला मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून. नाहीतर सरळ गोळीतून. कच्चं खा की शिजवून खा, त्यात फरक नाही. शरीर जुन्या साठ्यावर काही वर्षं काढतं, मग नसा कुरकुरायला लागतात.

"पण माझं हिमोग्लोबिन..." काका म्हणाले.

"पालेभाज्या भरपूर, म्हणून फोलेट भरपूर. त्यामुळे रक्ताने तक्रारच केली नाही. नसा बिचाऱ्या एकट्या पडल्या."

"म्हणजे हे सगळं सोडायचं?"

"सोडायला कुणी सांगितलं? वजन उतरलंय, रक्तदाब उतरलाय, चांगलंच आहे. भाज्या खा. शिजलेली डाळ खा, शेगडीला घाबरू नका. आणि सुया घ्या, नंतर गोळी जन्मभर. बोटांचं मात्र आज काही सांगता येत नाही. किती दिवस अंगावर काढलंय त्यावर आहे."

घरी आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रडतील किंवा भांडतील असं काकांना वाटलं होतं. त्यांनी फक्त कांदा चिरायची सुरी खाली ठेवली.

"एक गोळी," त्या म्हणाल्या. "चार वर्षं मी खिडकी उघडी ठेवून जेवले, आणि अडलं होतं ते एका गोळीवाचून."

"मला वाटलं, एक गोष्ट मानली की सगळंच मानावं लागेल. मग पुन्हा ते वजन, तो दाब... बाबांसारखं."

"बाबांच्या वयाच्या पुढे येऊन दीड वर्ष झालं हो तुम्हाला. कुणी मागे लागलेलं नाही. बसा जरा."

काका बसले. काकूंनी वाटीभर डाळ पुढे ठेवली. त्यांनी ती हळूहळू संपवली. चावायला त्यात काही नव्हतंच, पण सवयीने जबडा हलत राहिला.

सुया सुरू झाल्या. सहा आठवड्यांत थकवा जरा मागे हटला. पायांना थंड फरशी कळू लागली. जीभ पूर्ववत झाली. डाव्या हाताची बोटं बरीचशी परत आली. उजवा अंगठा आला नाही. काका रोज सकाळी तो कंगव्याच्या दातांवरून फिरवून बघत, आणि रोज कुणी दुसऱ्याचंच बोट फिरवतंय असं वाटे. डाव्या अंगठ्याला शिकवायचा प्रयत्न झाला. त्याला काटा लागे, पण काट्यापेक्षा बारीक खरखर लागत नसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कापूस फिरवून बघा, अडकला तर समजेल. कापसाने मोठे काटे सापडत. बारीक राहून जात.

शेवटी त्यांनी टपालबाईंना निरोप धाडला. त्या आल्या, तेव्हा काकांनी खोलीतलं एकुलतं स्टूल पुसून त्यांच्यापुढे केलं आणि स्वतः उभे राहिले.

"आजी, माझा अंगठा गेलाय. गुळगुळीत झालंय की नाही ते मला कळत नाही. तुमच्या जिभेला कळेल. तुम्ही सांगा, मी घासतो."

टपालबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठांवर आलेलं काहीतरी त्यांनी गिळलं असावं.

"बघा हं, माझी जीभ लवकर समाधान पावत नाही."

"ठाऊक आहे."

टपालबाईंनी आपली कवळी घातली, तोंड मिटून जीभ चहूकडे फिरवली, काढली आणि नखाने जागा दाखवली. काकांनी चाक चालू केलं. पुन्हा घातली, पुन्हा काढली. "इथे. नाही, अलीकडे. अहो, अलीकडे म्हणजे माझ्याकडे!" चौथ्या वेळी काकांचे पाय दुखायला लागले. पाचव्या वेळी टपालबाईंनाच दया आली. "तुम्ही बसा स्टुलावर, मी उभी राहते. उभ्यानेच शिक्के मारलेत मी जन्मभर."

काका बसले. सहाव्यांदा कवळी आत गेली. टपालबाई डोळे मिटून, गाल आत ओढून, बराच वेळ जीभ फिरवत राहिल्या. काका त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले. कामाच्या टेबलावर पुढच्या आडनावाची कवळी तयार होती, तिच्या मालकालाही आता असंच बोलावून घ्यावं लागणार होतं, आणि त्याच्या पुढच्यालाही.

"उजवीकडे किंचित," टपालबाई म्हणाल्या.

काकांनी हात पुढे केला.