निम्मी पट्टी आणि मेरचंदकाका

पाणीपट्टी मागायला आलेला माणूस आधी तुमचा नळ सोडून बघतो, असं कुठे पाहिलंय? मेरचंदकाका बघायचे. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात ते ग्रामपंचायतीचे शिपाई. पाणी सोडायचं त्यांनीच, पट्टी वसूल करायची तीही त्यांनीच. नळाची धार बारीक असली तर पावतीबुक पिशवीतून निघतच नसे. "पानी नाई तं पट्टी कोन्त्या तोंडानं मागू?" म्हणत ते पान्हा घेऊन तिथेच उकिडवे बसत.

मला मात्र कर म्हणजे लूट वाटायची. काडेपेटीपासून फवारणीच्या औषधापर्यंत सगळ्यावर कर भरायचा, बदल्यात खड्ड्यांचा रस्ता, आणि वर घरपट्टी, पाणीपट्टी! 'पट्टी निम्मी करा' असं पत्रक मी छापून आणलं. काकांनी ते सावकाश वाचलं आणि गठ्ठ्यातली वीस-पंचवीस मागून घेतली. पट्टीच्या बिलाबरोबर माझं पत्रकही ते घरोघर देत फिरले. असं का, विचारलं तर म्हणाले, "तुही बाजू बी लोकायले समजू दे ना, पोरी."

ग्रामसभेत मी तावातावानं बोलले. टाळ्या पडल्या. निम्म्या पैशात मोटारीचं वीजबिल कसं भरणार, हे सांगायचं सोडून सरपंच काकांकडे बघू लागले. काका उभे राहिले.

"करा निम्मी. फक्त कोन्ता व्हॉल्व्ह बंद करू, तेवढं सांगून द्या."

मागून कोणीतरी म्हणालं, तांड्याचा. अगदी सहज, आधीच ठरल्यासारखं. तांडा म्हणजे टेकडीपलीकडची बंजारा वस्ती, पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला. काकांचं घर तिथेच. कोणी हरकत घेतली नाही. काका माझ्याकडे वळले. "तूच सांग, पोरी." आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच मला मान वर करवेना.

आमच्या घरावर स्लॅब टाकून चार वर्षं झाली होती. दप्तरी ते अजून मातीचंच होतं, आणि आम्ही मातीच्या घराची कमी घरपट्टी भरत होतो. गावात अशी घरं कितीतरी. मी उठले, मागणी मागे घेतली, आणि म्हणाले, आधी स्लॅबच्या घरांच्या नोंदी नीट करा, सुरुवात आमच्यापासून. ठराव झाला. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. काका टेप घेऊन मोजमापाला आले तेव्हा बाबांनी चहासुद्धा विचारला नाही. काकांनी मागून घेतला.

कर कमी करा, असं मी आजही लिहिते. पण कोणाचा, आणि मग काय बंद पडेल, तेही लिहिते.

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा विचारलं, त्या दिवशी माझा राग आला होता का. खाटेवर पडल्यापडल्या ते हसले.

"राग कायचा? तू मांगं घेतली नसती तं व्हॉल्व्ह मीच बंद केला असता. नोकरी होती ना. मंग घरी पान्याचा रिकामा गुंड घेऊन बसलेल्या बायकोले काय सांगू, त्याच चिंतेत उभा होतो मी."