दाराआडचा आकडा

हां, तर निकानोर मेस्त्री बेत्साबेबाईंच्या दारात उभा राहिला आणि बाईंनी आधी त्याच्या खिशाकडे पाहिलं. खडू आणलाय की नाही, ते.

कार्ताखेना शहरात अकरा नोव्हेंबरला स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघाली की गल्लीतली झाडून सगळी घरं आपापल्या लाकडी गॅलरीत येऊन दाटीवाटीने उभी राहतात. त्याआधी आठवडाभर दोनच कामं असतात, गॅलरीला रंग द्यायचा आणि निकानोर सुताराला बोलवायचं. तो कठडा हलवून बघतो, तुळयांच्या टोकांवर टकटक करून कान देतो, आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने एक आकडा लिहितो. गॅलरीत उभी राहायची ती तितकीच माणसं. आता आकडा आला म्हणजे वाद आलाच. एका घरात त्याने पाच लिहिले, तर मिरवणुकीला अकरा उभे. विचारलं तर घरधनी म्हणतो, "मेस्त्री, पोरं अर्धी धरली. आणि सासूबाई बसूनच आहेत, त्या कशा धरायच्या?" तेव्हापासून निकानोर आकड्याखाली न चुकता लिहितो: सासू धरून.

बेत्साबेबाईंचा आकडा बारा वर्षं ठरलेला होता, नऊ. यंदा मात्र त्यांना चौदा हवे होते. चार मुलं चार गावांहून बायकापोरांसकट यायची होती, कारण नात युरानिस पहिल्यांदाच मिरवणुकीत नाचणार होती. बाईंचं वय ब्याऐंशी. ही सगळी पुन्हा एका गॅलरीत कधी दिसतील, हे मनातलं त्या कुणाला बोलून दाखवत नव्हत्या.

गॅलरी निळीशार झाली होती, रंग अजून बोटाला लागत होता. निकानोरने टकटक केली. आवाज बरा आला. एरवी तो इथेच खडू काढायचा, बाई नारळाच्या वड्या आणायच्या आणि काम संपायचं. पण चौदा म्हटल्यावर तो खाली उतरला, रस्त्यातून शिडी लावली, आणि डाव्या अंगाची तुळई भिंतीत शिरते तिथे चाकू टेकवला. रंगाचा पापुद्रा फुटला आणि पातं मुठीपर्यंत आत गेलं. लाकूड नव्हतंच तिथे. वाळवीने भुसा मागे ठेवला होता, आणि त्या भुशाभोवती बारा वर्षांचे रंग थरावर थर उभे होते.

ती तुळई त्याच्याच हातची होती. वाळवी लागू नये म्हणून भिंतीत जाणाऱ्या तोंडाला डांबर फासायचं, ते त्या दिवशी राहून गेलं होतं. बघणारं कुणी नव्हतं.

वर येऊन त्याने दाराआड शून्य काढलं.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी नऊ होते. वर्षभरात वाळवीने नऊ माणसं खाल्ली?"

"गेल्या वर्षीही शून्यच होतं, बाई. मला दिसलं नाही."

"तुम्हाला म्हातारपणी भीती वाटायला लागलीय, दुसरं काही नाही. आणि खडूचं काय, ओल्या फडक्याने पुसला जातो."

पुसतील, हे त्याला ठाऊक होतं. त्याची पाठ वळली की पुसतील, आणि चौदा सोडून वीस उभे करतील. तो तीन पायऱ्या उतरलाही. सगळं वाळवीवर ढकलून मोकळं होता येत होतं, वाळवीची काही अब्रू जात नाही. पण चौथ्या पायरीवर पाय अडला. आपली चूक न सांगता नुसता लिहिलेला आकडा ही बाई का म्हणून मानेल? तो परत वर आला.

"ती डावीकडची तुळई कुणी बसवली, आठवतं?"

"ते सगळं माझा म्हातारा बघायचा, देव त्याला सुखात ठेवो. कोण होता तो गाढव?"

निकानोरने टोपी काढून हातात घेतली.

"मीच, बाई. तोंडाला डांबर लावायचं राहिलं, आणि बारा वर्षं मी तुमच्या वड्या खाऊन नुसत्या रंगावर टकटक करत होतो. तुळई मी नवी घालून देतो, पण अकरा तारखेच्या आत नाही व्हायची. त्या दिवशी चौदा खुर्च्या खाली दारात मांडा, सासू धरून. गॅलरीतून पोरीचं नुसतं डोकं दिसलं असतं, दारातून तिचे पाय दिसतील."