कांद्याच्या पेशीला पाणी

‘सरजाबाई, मी सिंधु. आज पहिल्यांदाच तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणतेय. तुम्ही माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, तरी मी ‘ए सरजा’ म्हणूनच हाक मारायची. त्या बाटलीचं सांगायचं होतं...’

सिंधुबाईंनी पेन खाली ठेवलं. चाळीस वर्षं प्रत्येक पत्र त्या बाटलीपाशीच अडतं.

बहात्तरच्या दुष्काळात त्या लातूरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. सरजाबाई प्रयोगशाळेतल्या शिपाई. दुसरीपर्यंत शिकलेल्या, नवरा गेलेला, पदरात दोन पोरी. पण कांद्याचा पातळ पापुद्रा त्यांच्यासारखा कुणालाच काढता यायचा नाही. एक सुरकुती पडेल तर शपथ. वर म्हणायच्या, “कांदा आम्हाला रडवतोय अन् तुम्हाला पगार देतोय, बाई!”

त्या दिवशी पेशीचा तास होता. काचपट्टीवर मिठाचं पाणी सोडलं, की पेशीतला जीव आकसून भिंतीपासून सुटतो. साधं पाणी मिळालं, की परत फुगतो. मुलींनी सूक्ष्मदर्शकातून आकसलेल्या पेशी पाहिल्या. सिंधुबाईंनी साध्या पाण्याची बाटली उचलली, तर ती रिकामी.

“सरजा, पाणी कुठाय?”

“सकाळीच भरून ठिवलं होतं, बाई.”

“मग काय पेशी प्यायल्या? पोरींसाठी नेलंस ना घरी? चोरी ती चोरीच!”

चाळीस मुली बघत होत्या. सरजाबाईंनी सिंधुबाईंच्या बोटांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “थांबा, आणते.” भीमनगरातल्या घरून तांब्या भरून आणला. थेंब पडला, पेशी भरल्या, मुलींनी टाळ्या पिटल्या.

रात्री जेवताना सिंधुबाईंना आपली नखं दिसली. कडा लाल. पेशी रंगवायचा रंग सकाळी बोटांना लागला होता आणि बाटली ओतून हात धुतले होते त्यांनीच. कॉलेजचा नळ तर आठ दिवस कोरडा. मग बाटली रोज कुणाच्या घागरीतून भरत होती?

उद्या सांगू, म्हणता म्हणता राहिलं.

सरजाबाईंनी मात्र राग धरला नाही. उलट वर्षभरानं सूक्ष्मदर्शकाकडे बोट करून म्हणाल्या, “बाई, एक डाव ती दुर्बीण आमच्या गल्लीत आणा की. पोरींना पेशी दावा. तुमच्या-आमच्या सारख्याच असत्यात म्हणं.”

“लातूर जिल्हा होऊ दे, नवं यंत्र येईल. मग आणते.”

ब्याऐंशीत जिल्हा झाला. यंत्रही आलं. “झाला की वो जिल्हा, बाई!” सरजाबाई हसून म्हणाल्या. सिंधुबाईंनी परीक्षांचं निमित्त काढलं. खरं कारण निराळंच होतं. गल्लीत पाऊल टाकताच सरजाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला असता. तो हातात घेऊन गप्प बसणं जमलं नसतं.

नोकरी संपली तशा सरजाबाई उमरीला लेकीकडे गेल्या. काल त्या लेकीचा, पंचशीलाचा, फोन आला.

“आई गेली, बाई. लई सांगायची, आमच्या बाई दुर्बीण घेऊन येणार हायेत म्हणून.”

निवृत्तीला भेट मिळालेली जुनी दुर्बीण कपाटावर आहे. न्यायला सोपं जावं म्हणून तिच्या पेटीला सिंधुबाईंनी कधीची सुतळी बांधून ठेवलेली. ती सुतळी अजून सुटलेली नाही.