जोडीला लागलेली कणिक

पिठावर पहिलं पाणी पडलं की जो वास उठतो ना, तो आला की मी अजूनही गुरुद्वाऱ्याच्या त्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. चिकलठाण्याच्या शीख शेजारणीबरोबर मी पहिल्यांदाच लंगरच्या सेवेला गेले होते आणि परातीत कणिक मळत होते. तेवढ्यात कीर्तनाला जोडीवर, म्हणजे तबल्या-डग्ग्यासारख्या दोन वाद्यांवर, साथ करणारे म्हातारे वादक दारात आले. “बेटी, थोडा आटा देना, जोडीकू लगाना है.” मी चकित होऊन शेजारणीकडं पाहिलं. “दे की अगं,” ती हसली, “त्याच्याबिगर डावा बोलतच नाय.” मी लिंबाएवढा गोळा दिला. त्यांनी दाबून पाहिला आणि परत केला. “और नरम.” बाहेर कीर्तनाला बसलेली सगळी संगत खोळंबलेली. पाण्याचा हात लावून मी पुन्हा मळला, देवाला नैवेद्य करावा तसा. त्यांनी तो बाहेर नेऊन डाव्या वाद्याच्या कातड्यावर गोल थापला आणि उघडा पंजा मारला. तो घुमारा फरशीतून माझ्या तळपायात शिरला, तिथून छातीत चढला. कीर्तन सुरू झालं. शब्द पंजाबी, एकही कळत नव्हता. मी पिठाच्या हातांनी दाराशी नुसती उभी. माझ्या हातची कणिक घरच्यांनी आजवर खाल्लीच आहे. ऐकली मात्र मी त्या एकाच सकाळी.