जवळचा दवाखाना

इकडे शहरात, हेब्बाळच्या ऑफिसात मी नकाशे करते. कुठल्या खेड्यातून सरकारी दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो, ते रंगात दाखवायचं. जवळ असेल तर हिरवं, लांब असेल तर लाल. आजारी माणूस सगळ्यांत जवळच्या दवाखान्यात जातो, असं कॉम्प्युटर धरून चालतो. मीही तसंच धरून चालायचे.

सीमाभागातलं आमचं गाव हिरवंगार निघालं, तेव्हा दवाखाना मीच बांधल्यासारखी खूश होऊन आईला फोन लावला. आई तिथे एकटी राहते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. तर बाईसाहेब त्या दवाखान्यात जातच नव्हत्या. बाजारच्या दिवशी टेंपोत दाटीवाटीने बसून पार पलीकडच्या मोठ्या गावाला जायच्या. मी चिडले. या वयात एवढे धक्के खायचे कशाला?

"तिथं तुझी मावशी येतीय की," ती म्हणाली. "हितं बाकड्यावर कोण हाय बोलायला?"

मावशी त्याच मोठ्या गावात राहायची. दोघी बहिणी नंबर लावायच्या आणि नंबर आला की मागच्या बाईला पुढे सोडायच्या, तेवढंच आणखी बसायला मिळतं म्हणून. नर्सबाई वैतागायच्या. सुट्टीत एकदा मीही गेले होते. दोघींच्या मध्ये बसून शेंगा खाल्ल्या, कुणाच्या तरी लग्नातली जुनी भांडणं ऐकली. इथे येलहंक्याला माझ्या घरासमोरच दवाखाना आहे. मोबाइलवर वेळ घ्यायची, काउंटरवरची मुलगी कानडीत 'स्वल्प वेट माडी', जरा थांबा, म्हणते, मग शेजारच्या खुर्चीवरचं माणूस मानही वर करत नाही. तिथे बसले की मला त्या बाकड्याची फार आठवण येते.

तरी दर फोनला माझं पालुपद चालूच होतं, जवळच्या दवाखान्यात जा. आई हो हो म्हणायची आणि बाजारच्या दिवशी टेंपोत चढायची.

यंदा मावशी वारली. आईला इकडे ये म्हटलं, ती नको म्हणाली. गेल्या आठवड्यात मात्र तिने आपणहून सांगितलं, आता ती गावाजवळच्याच दवाखान्यात जाते. इतके दिवस मी हेच तर मागत होते. तिथे बरं आहे का, एवढंच मी विचारलं.

"बरं हाय की. गर्दी नसतीय. लगीच घरी येते."

लगेच घरी येऊन ती दिवसभर काय करते, हे विचारायचा मला धीर होत नाही.