थोरल्या साडूंनी पास केलेला गिअरबॉक्स

आमच्या शहरात खोटं बोलून सुटता येईल अशा जागा पुष्कळ आहेत. पण जुना गिअरबॉक्स पुढ्यात ठेवून माझ्या थोरल्या साडूंशी खोटं बोललेला आणि सुटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. साडू गारखेड्यात राहतात. सरकारी दवाखान्याच्या रक्तपेढीत रक्तगट तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. एकाचं दुसऱ्याला चढवण्याआधी दोनदा खात्री करायची, ही सवय तिथं त्यांच्या हाडात मुरली. मोटारींचं वेड कुठून लागलं ते मात्र त्यांनाही सांगता येत नाही. स्वतःची गाडी नाही, चालवता येत नाही, लायसनसाठी कधी अर्जही केला नाही. तरी एखाद्या अँबॅसिडरचा गिअरबॉक्स पेट्रोल गाडीचा की डिझेलच्या गाडीचा, आधीच्या मॉडेलचा की नंतरच्या, हे सांगायला लोक त्यांनाच बोलावतात. जे भंगारवाले बोलावत नाहीत, ते त्यांना लांबून येताना पाहून मालावर गोणपाट टाकतात.

त्यांच्या कापडी पिशवीत एक खडू, एक झिजलेला टूथब्रश आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरलेलं रॉकेल असतं. आधी ब्रशनं घासून कवचावरचा नंबर वाचायचा आणि मग त्या नंबरावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची रीत. "नंबर काय, घराचा असतो. आत कोण राहायलंय ते बघावं लागतं." मग पुढच्या दांड्यावर खडूची खूण, मागच्यावर एक खूण, आणि एकेक गिअर टाकून पुढचा दांडा किती फिरला की मागचा किती फिरतो, ते मोजायचं. मोजणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. अशाच एका मोजणीत, नातू झाल्याचं सांगायला माझ्या मेहुणीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला, तर "थांब, तिसरा झालाय, चौथा व्हायचाय," म्हणून यांनी फोन ठेवला. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्यांची जुनी गाडी नुसती दारात थांबताना ऐकून, चहाचे कप हातात असतानाच ते मुलाच्या वडलांना म्हणाले, "गाडी तुमचीच हाय, पण गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा." सोयरीक तरीही जुळली, कारण ते खरं होतं आणि पाहुण्यांनाही त्याचा संशय होताच.

शहागंजातले रफिकभाई त्यांच्याकडे आले ते दोन वर्षांपूर्वी. रफिकभाईंचं कापडाचं दुकान आहे. पण त्यांच्या अब्बांनी सारं आयुष्य टॅक्सी चालवली, प्रवाशांना वेरूळ दाखवलं. त्यांच्या पेट्रोल अँबॅसिडरचा गिअरबॉक्स दगडावर आपटून फुटला आणि गाडी गल्लीत लिंबाखाली उभी राहिली. पुढं अब्बांना लकवा झाला, डावं अंग गेलं. आता त्यांचं एकच मागणं होतं, आपल्या गाडीतून एकदा खुलताबादच्या दर्ग्याला जायचं. आम्ही भेटायला गेलो की खाटेवरून विचारायचे, "कब निकलना है, डाक्टर साब?" आपण डॉक्टर नाही, हे साडूंनी चार वेळा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

शोध सुरू झाला. साडूंनी पहिला बॉक्स नाकारला, दुसरा नाकारला. तिसऱ्यावर ताजा रंग दिसताच "काहीतरी झाकलंय," म्हणून हातही लावला नाही. चार महिने गेले. पाचवा डिझेल गाडीचा निघाला. बसायला नीट बसत होता, पण दुसऱ्या गिअरचं गणित वेगळं होतं. साडू खडू पिशवीत टाकू लागले, तेव्हा रफिकभाईंनी त्यांचा हात धरला.

"साहेब, अब्बा दोन दिवसांपासून घास बी घेईनात. जो हाय तो बसवा."

साडूंनी तो बॉक्स पुन्हा फिरवून पाहिला. मग आणखी एकदा. आकडा बदलणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी मान वर न करता ते म्हणाले, "बसवा."

एका सकाळी आम्ही निघालो. रफिकभाई चालवायला, शेजारी उशांच्या आधारानं अब्बा, मागं आम्ही दोघं. गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत होता. रफिकभाईंनी क्लच दाबला आणि अब्बांनी आपला चांगला, उजवा हात पुढं करून गिअर टाकला. मग सबंध रस्ता तसाच. लेकानं क्लच दाबायचा, बापानं गिअर बदलायचा. एकदाही खरखर झाली नाही. दौलताबादच्या चढावर दुसरा गिअर पडला आणि अब्बा थोडा वेळ ऐकत राहिले.

"ये मेरा नै है," ते म्हणाले. "इसका दूसरा जल्दी थकता."

साडूंचा चेहरा पडला. पुढं वाकून ते म्हणाले, "व्हय चाचा. तुमचा नाय. माहीत असून मीच बसवा म्हणालो."

अब्बांनी दांड्यावरचा हात काढला नाही. "पैसेंजर बी बैठते वखत अपना नै रैता, डाक्टर साब. रस्ते में हो जाता."

त्यानंतर तीन आठवड्यांनी अब्बा गेले. साडू मातीला गेले, आणि पुढच्याच रविवारी पिशवी घेऊन पुन्हा भंगारात. आता कुणासाठी, असं मेहुणीनं विचारलं तर रॉकेलची बाटली भरून घेतली. यंदा हिवाळ्यात त्यांना अस्सल मिळाला. नंबर जुळला, आतली मोजणी जुळली, कुठं रंग नाही. आम्ही दोघांनी तो रिक्षात घालून शहागंजात नेला. रफिकभाईंनी दुकानातून बाहेर येऊन तो नीट पाहिला, त्यावरून हात फिरवला.

"साहेब, हा बरोबर असंल," ते हळू आवाजात म्हणाले. "पण गाडीतला काढू नका. अब्बांचा शेवटचा हात त्याला लागलाय."

साडूंनी चहा घेतला, अब्बांच्या रिकाम्या खाटेकडे एकदा पाहिलं, आणि आम्ही ते धूड पुन्हा रिक्षात चढवून परत निघालो. क्रांती चौकात सिग्नल लागला. आजूबाजूला हॉर्न वाजत होते. साडू माझ्याकडं न बघता म्हणाले, "साडूभाऊ, मी बसवा म्हणालो, ते चुकलं नाय ना?"

गिअरबॉक्समधलं मला काडीचंही कळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलेलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "बरोबरच होतं."

त्यांनी मान हलवली. रिक्षा सुटली, तसा वळणावर तो घसरू नये म्हणून त्यांनी गिअरबॉक्सवर हात ठेवला, आणि गारखेडा येईपर्यंत तो तसाच राहू दिला.