मी कापलेला हवेचा पाइप

जळगावात आम्ही घर बांधलं, तेव्हा नळाचं सगळं काम धुळ्याकडच्या एका प्लंबरने केलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात त्या घरातले पाइप वाजू लागले. मोरीतला नळ उघडला की भिंतीवरच्या पाइपात धडधड व्हायची आणि नळ खोकल्यासारखं पाणी फेकायचा. शेजारचे आबा कुंपणावरून विचारायचे, "काय भाऊ, घरात गिरणी टाकली का?"

मी प्लंबरला बोलावून आबांसमोरच झापलं.

तो शांतपणे म्हणाला, "मनं काम पक्कं शे, भाऊ. तुम्ही काही बदलं का?"

"नाही."

"मंग मी एकदाव गच्चीवर जाईसन देखस."

वर खाटांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते. बायको जिन्यातच उभी राहिली. "धुळीचे पाय घेऊन वर नको. चार दिवसांची मेहनत आहे." मीही त्याला जाऊ दिलं नाही. तो निघून गेला. पुढे कुणीही विचारलं की मी सांगायचो, त्याचं काम कच्चं आहे. आमच्या कॉलनीत त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

आवाज मात्र थांबेना. मी हट्टाला पेटलो. पाइप पाना विकत आणला आणि दर रविवारी मोरीपासून एकेक जोड उघडून तपासत वर सरकलो. तिसऱ्या रविवारी टाकीपाशी पोचलो. तिथे, आत अडकलेली हवा निघून जावी म्हणून, त्याने एक उभा, तोंड उघडं असलेला पाइप लावला होता. बिबड्यांच्या खाटा मांडताना तो मध्ये येत होता, म्हणून मीच तो गुडघ्याएवढा कापून वर बूच ठोकलं होतं. 'नाही' म्हणताना मला ते आठवत होतं. एवढ्याशा पाइपाने काय होणार, असं धरून मी गप्प बसलो होतो.

मी नवा उभा पाइप जोडला. धडधड त्याच दिवशी थांबली.

"कोणी केलं हो?" आबांनी विचारलं.

"मीच," मी म्हणालो. पुढचं सांगितलं नाही.

आबा आता नाहीत. त्या काळची जी घरं कॉलनीत उरली आहेत, तिथे या आठवड्यात मी स्वतः जाऊन हे सांगितलं. एका घरची सून म्हणाली, "नाना, आता कशाला?" तरी मी तिला पूर्ण ऐकवलं. प्लंबरचा पत्ता अजून लागलेला नाही. मी विचारत राहणार आहे. त्याने बसवलेला एकही जोड मला बदलावा लागला नव्हता.